फळ्यावर नसलेलं उद्दिष्ट

प्रिय डॅडी,

वेंडेल फोनवर सांगत होता की तुम्ही आता त्याच्याकडे फ्लोरिडात चपला घालून फिरता, चर्चलासुद्धा. मला ते चित्र काही डोळ्यांसमोर आणता येईना. जन्मभर ज्या माणसाला मी बुटांच्या नाड्या आवळतानाच पाहिलं, तो आता बोटं उघडी टाकून प्रार्थना म्हणतो म्हणजे कमाल झाली. चांगलं आहे. इकडे आईच्या कमेलियाला कळ्या धरल्यात. मागच्या खोलीचं छप्पर गळायचं थांबलं. आपली फुटबॉलची टीम नेमानं हरते आणि सगळं गाव नेमानं ते बघायला जातं. मी बरी आहे असं लिहिणार होते, पण झोप नीट लागत नाही. ते का, ते सांगायलाच बसलेय. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी तळ्याचं नाव काढलं की तुम्ही ‘वेंडेलशी बोल’ म्हणून रिसीव्हर त्याच्या हातात देता. पत्र कोणाच्या हातात देता येत नाही असं नाही, पण निदान आधी उघडावं तरी लागतं.

तर तळं रिकामं करतायत. धरणाच्या खालच्या दरवाज्यांना गंज लागलाय, ते बदलायचे म्हणून सप्टेंबरपासून पाणी सोडणं चालू आहे. तळं भरल्यापासून एवढं खाली कधीच आलं नव्हतं. रविवारी चर्च सुटलं की लोक घडीच्या खुर्च्या आणि कॉफीचे थर्मास घेऊन काठावर बसतात आणि जुनं गाव वर येताना बघतात. आधी पुलाचे खांब दिसले, मग गिरणीचा चौथरा, मग जुन्या चर्चच्या पायऱ्या. म्हातारी माणसं बोट दाखवून भांडतात, इथं आमचं कोठार होतं, छे, ते तुमचं नाही, आमचं होतं. गेल्या आठवड्यात एक हरीण गाळावर उतरलं. गाळ वरून वाळलेला दिसतो, पण खाली पेजेसारखा आहे. सगळ्यांच्या देखत ते पोटापर्यंत गेलं, मग मानेपर्यंत, आणि कोणाला काही करता आलं नाही. तेव्हापासून धरणवाल्यांनी पाट्या लावल्यात. हे हरणाचं लक्षात ठेवा डॅडी, पुढे लागणार आहे.

आता शाळेचं. या वर्षी आमच्याकडे उद्दिष्टांची साथ आलीय. ग्रेडी शेलनट तुम्हाला आठवत असेल, पशुखाद्याच्या दुकानवाल्या शेलनटचा धाकटा. तो आता आमचा प्रिन्सिपल आहे. उन्हाळ्यात कुठल्याशा शिबिराला जाऊन आला आणि आल्या आल्या आम्हा सगळ्यांना कामाला लावलं. प्रत्येक विषयाची वर्षभराची उद्दिष्टं आधी ठरवायची. रोज तासाला त्यातलं एक फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहायचं. वाक्याची सुरुवात ‘विद्यार्थी’ या शब्दानं आणि शेवट ‘शकतील’नं. मधे काय ते तुमचं डोकं. आणि नुसतं लिहून भागत नाही. ग्रेडी वाटेल तेव्हा वर्गात शिरतो, कुठल्याही पोराच्या बाकाशी उकिडवा बसतो आणि विचारतो, ‘काय बाळ, आज काय शिकायचंय?’ पोराला सांगता आलं तर बाई पास, नाही तर नापास. म्हणजे शिकवते मी आणि परीक्षा देते तीही मीच.

शिवाय शिडी आहे. तिचा तक्ता प्रत्येक वर्गात टांगलाय. सर्वांत खाली ‘सांगणे’. त्यावर ‘कारण देणे’. मग ‘फरक दाखवणे’. मग ‘न्याय करणे’. आणि सगळ्यात वर ‘प्रत्यक्ष करणे’. धडा खालच्या पायरीपासून सुरू करून पोरांना एकेक पायरी वर न्यायचं, अशी त्यातली कल्पना. खरं सांगू का, मी नाकं मुरडली तरी कल्पना वाईट नाही. अकरावीच्या अमेरिकन इतिहासाची उद्दिष्टं मी ऑगस्टमध्येच शिडीवर नीट बसवून टाकली होती. वसाहती, यादवी युद्ध, मंदी, मंदीतली सरकारी कामं आणि त्यांत आपलं धरण. ऑक्टोबरमध्ये आम्ही धरणापाशी पोचलो.

त्या दिवशी फळ्यावर मी लिहिलं होतं, ‘विद्यार्थी धरण बांधण्याची तीन कारणं सांगू शकतील.’ पूर, वीज, रोजगार. ग्रेडी आला आणि शॉना लेडफर्डच्या बाकाशी बसला. शॉना म्हणजे वर्गातली सगळ्यात गरीब स्वभावाची मुलगी, डोनट देणाऱ्यालाही दोनदा थँक्यू म्हणणारी. तिनं फळ्याच्या कोपऱ्याकडे बघत, वाचल्यासारखं सांगितलं, ‘पाणी आलं त्या दिवशी टीगांच्या घरात कोण होतं, ते आज आम्ही सांगू शकणार, सर.’ ग्रेडीनं फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग डस्टी हाइसला विचारलं. डस्टी म्हणजे टवाळ नंबर एक. तोही तेच बोलला, शब्द न् शब्द, आणि वर म्हणाला, ‘ऑर्फा टीग होती, तिचा मुलगा होता आणि तान्ही मुलगी. मुलीचं नाव अजून ठेवलं नव्हतं.’ वर्गातली बाकीची पोरं मान हलवत होती, दोन आणि दोन चार म्हटल्यावर हलवावी तशी. ग्रेडी जाताना माझ्या कानाशी म्हणाला, ‘मिस नेल्डा, पोरांना उद्दिष्ट पाठ आहे, फर्स्ट क्लास. फक्त फळ्यावर दुसरंच लिहिलंय, तेवढं जुळवून घ्या.’

मी शॉनाला तास संपल्यावर थांबवलं. हे कुणी सांगितलं म्हणून विचारलं. ती गोंधळून म्हणाली, ‘तुम्हीच लिहिलंय ना, मॅम.’ मी फळ्याकडे बोट करून वाचायला सांगितलं. तिनं पूर, वीज, रोजगारवालं माझं वाक्य नीट वाचून दाखवलं. मग मी विचारलं, आता सांग, आज काय शिकायचं होतं? तर पुन्हा टीगांचंच सांगितलं. दोन्हींत काही वेगळं आहे हे तिला दिसतच नव्हतं.

मला पहिलं काय आठवलं असेल, तर तुम्ही. मी सात-आठ वर्षांची असेन, तेव्हा जेवणाच्या टेबलावर कोणीतरी टीग घळीचं नाव काढलं. माशांबद्दल बोलत होते बहुतेक, की तिथं मोठे मिळतात. तुम्हाला कोणी काही विचारलं नव्हतं, तरी तुम्ही म्हणालात, ‘टीग ओहायोला गेले. तिच्या भावाकडे.’ आणि मक्याचा ब्रेड तसाच ताटात ठेवून उठलात. त्यानंतरही घळीचं नाव निघालं की तुम्ही तेवढंच म्हणायचात, ओहायोला गेले. गावातही सगळे तेच म्हणतात. मी आता लोकांना विचारत फिरले, की ओहायोला गेले हे तुम्हाला कोणी सांगितलं? ज्याला त्याला दुसऱ्यानं सांगितलेलं. आणि शेवटी सगळे येऊन थांबतात ते तुमच्यापाशी. डॉयल म्हणाला होता, म्हणतात. तो त्या टोळीत होता ना, त्याला माहीत असणार.

टोळीची गोष्ट तुम्ही आम्हाला किती रंगवून सांगायचात. एकोणीस वर्षांचे होतात, पहिली नोकरी, पहिले स्वतःचे बूट. गाव तर केव्हाच रिकामं झालं होतं, पण घळींमधली लांबलांबची घरं तपासायचं काम तुमच्या टोळीकडे होतं. पहाटे समोरच्या डोंगरावर उभं राहायचं आणि धुराडी बघायची. धूर आहे तर माणूस आहे, धूर नाही तर घर रिकामं. मग खाली उतरायचं, दार वाजवायचं, खडूनं दारावर फुली मारायची आणि पुढे जायचं. मागून जाळणारी टोळी यायची. ‘थंडीच्या दिवसांत चुलीशिवाय कोण राहील,’ असं तुम्ही म्हणायचात, आणि वेंडेल आणि मी खिडकीतून शेजाऱ्यांची धुराडी बघत तुमच्यासारखे डोळे बारीक करायचो. मग एक दिवस तुम्ही ती गोष्ट सांगणं बंद केलंत. आम्ही मागे लागलो की आई म्हणायची, बास आता, डॅडींचं डोकं दुखतंय.

मी वर्गात शहाणपणा करून पाहिला. धरण सोडून सरळ महायुद्धावर उडी मारली. फळ्यावर काहीच लिहिलं नाही, ग्रेडीचा ओरडा खाल्ला. एक दिवस रजा घेतली आणि म्हाताऱ्या मिस यूलाला बदली म्हणून पाठवलं. तिला नीट ऐकू येत नाही, पण घरी येऊन तिनं मला विचारलं, ‘नेल्डा, चुलीचा धडा तू पुस्तकातला शिकवतेस की बाहेरचा?’ कारण पोरं पायरी चढली होती. आता म्हणत होती, ‘टीगांच्या धुराड्यातून धूर का येत नव्हता, त्याचं कारण देऊ शकू.’ दुसऱ्या दिवशी मीच डस्टीला विचारलं, बोल, काय कारण? तो पेन्सिल चावत म्हणाला, ‘तिला सांगितलं होतं, चूल विझव म्हणून. धूर दिसला तर शेरीफ येऊन उचलून बाहेर काढेल. पोरगा तापानं फणफणला होता, थंडीत नेला असता तर मेला असता. म्हणून ताप उतरेपर्यंत लपून राहा म्हणाला.’ मी विचारलं, कोण म्हणाला? ‘ते पुढच्या पायरीला आहे, मॅम,’ डस्टी म्हणाला, आणि माझ्या हातातला खडू बघून हसला. तो मला चिडवत नव्हता. मी काही शिकवलं आणि त्याला ते येत होतं, याचा आनंद झाला होता त्याला.

डॅडी, तुमच्या खोडीवरून आम्ही तुम्हाला किती पिडलं. घरातून निघताना कुलूप लावायच्या आधी तुम्ही प्रत्येक खोलीत डोकावून हाक मारायचात, ‘कोणी आहे का आत?’ आम्ही सगळे बाहेर गाडीत बसलेलो असायचो. चर्चच्या मागच्या खोलीत, सिनेमाच्या थेटरात, एकदा तर नॉक्सव्हिलच्या मोटेलमध्ये. आई म्हणायची, ‘डॉयल, आपण सगळे इथे आहोत, अजून कोण हवंय तुला?’ आणि हॅलोविनला पोरं दार वाजवायच्या आधीच तुम्ही दार उघडून उभे असायचात, हातात चॉकलेटांचा वाडगा घेऊन. दारावर थाप पडलेली तुम्हाला चालायची नाही. आम्हाला वाटायचं, तुम्हाला पोरांची घाई. आता ते आठवलं की मला हसू येत नाही.

तिसरी पायरी पोरांनी एका सुरात म्हटली. कोणी विचारलंही नव्हतं. घंटा झाली, मी दार लावलं, आणि सगळा वर्ग म्हणाला, ‘दार वाजवणं आणि दार उघडणं यातला फरक आम्ही दाखवू शकू.’ मग पुस्तकं उघडून बसले. त्याच दिवशी दुपारी टीगांचं घर वर आलं. आधी दगडी धुराडं, मग छपराचा काळा कणा. ते एकच घर जाळायचं राहिलं होतं, पाऊस लागला आणि घळीत पाणी ठरल्यापेक्षा आधी चढलं म्हणून, असं म्हातारे सांगतात. आता ते दारापर्यंत उघडं पडलंय. मी वेंडेलची जुनी दुर्बीण घेऊन काठावर गेले. दार बंद आहे. एवढी वर्षं पाण्यात राहूनही त्याच्यावर पांढरी फुली आहे. मी रोज हातात खडू धरते, डॅडी. तो ओल्या फडक्यानं पुसला जातो हे मला चांगलं माहीत आहे.

त्यानंतरची पायरी मला सगळ्यात जड गेली. शॉनानं सांगितली. ‘ते दयेपोटी केलं की भीतीपोटी, याचा न्याय आम्ही करू शकू.’ मी तिला विचारलं, मग केलात का न्याय? ती म्हणाली, ‘आधी दया होती, मॅम. नंतर पाणी आलं तेव्हा तो होडीतून आला होता. दार वाजवलं. आतून पोरगं खोकलं. पण मुकादम पलीकडून बघत होता, आणि उघडलं असतं तर घर रिकामं आहे म्हणून खोटं सांगितल्याचं सगळ्यांना कळलं असतं. त्याला वाटलं, पाणी अजून पायरीशीच आहे, अंधार पडला की परत येऊ. तोवर पाणी दारावर चढलं होतं.’ एवढं सांगून ती जेवायला गेली. मी रिकाम्या वर्गात बसून रडले. घाबरून नाही, तुमच्यासाठी. एकोणीस वर्षांच्या पोरासाठी, ज्यानं एका बाईवर दया केली आणि मग जन्मभर रिकाम्या खोल्यांना हाका मारल्या. खरंखोटं मला माहीत नाही. तुम्ही हे पत्र फेकून म्हणालात की नेल्डाला वेड लागलंय, तर मला आनंदच होईल.

पण अजून एक पायरी आहे, आणि तिच्यासाठीच मी हे लिहितेय. सोमवारी पोरं गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेऊन आली. पुढच्या शुक्रवारी टीगांच्या घरापर्यंत वर्गाची सहल ठरलीय, ग्रेडी खूश आहे. प्रत्यक्ष करून शिकणं म्हणजे शिडीचं टोक, तो स्वतः येणार आहे आणि पालकांच्या सह्याही आणल्यात त्यानं. गाळाचं सांगितलं तर म्हणतो, फळ्या टाकून जाऊ. मी घरोघरी फिरले. लोक म्हणतात, पोरांना इतिहासाची गोडी लागली, बाई, आणि तुम्हीच कसली तक्रार करता? शेरीफच्या माणसानं पाटीकडे बोट दाखवलं, ती लावलीय ना, म्हणाला. मी आजारी पडते म्हटलं तर ग्रेडी माझ्याशिवाय त्यांना नेईल. मी ते हरीण पाहिलंय. मग मी शॉनाला विचारलं, शुक्रवारी काय करायचंय तुम्हाला? ती म्हणाली, ‘आम्हाला काही नाही, मॅम. आम्ही फक्त सोबत.’ आणि फळ्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून वाचलं, ‘डॉयल बर्चफील्ड दार उघडू शकतील.’ तुमचं पहिलं नाव या पोरांना माहीत असायचं काही कारण नाही. मी विचारलं, आणि ते आले नाहीत तर? तिनं पुन्हा कोपऱ्याकडे पाहिलं, आणि त्याच गोड आवाजात म्हणाली, ‘तर मग विद्यार्थी उघडू शकतील.’

म्हणून या, डॅडी. मी रागावलेली नाही, आणि कोणापुढे तुम्हाला काही कबूल करायला लावणार नाही. बसचं तिकीट सोबत ठेवलंय, वेंडेलला एवढंच सांगा की नेल्डानं बोलावलंय. धरणवाल्यांची सपाट तळाची होडी मी मागून ठेवलीय, ती गाळावरून सरकते. शुक्रवारी पहाटे आपण दोघंच जाऊ, पोरं उठायच्या आधी. दार तुम्ही उघडा, मी तुमचा दंड धरून मागे उभी राहीन. जुने बूट पोर्चवरच्या पेटीत आहेत, मी त्यांना तेल लावलंय. उशीर करू नका. आज सकाळी शाळेत जाताना मी समोरच्या डोंगरावर गाडी थांबवली, तुम्ही उभे राहायचात तिथेच. धुकं असेल असं आधी वाटलं, पण बाकी घळ अगदी स्वच्छ होती. टीगांच्या धुराड्यातून धूर निघत होता.

तुमची वाट बघत असलेली,
तुमचीच,
नेल्डा